जनसंपर्क शिकवताना: गाजलेली प्रकरणं की खरं खातं?

जनसंपर्क शिकवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, गाजलेली प्रकरणं अभ्यासण्याची. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि ७ जण दगावले. टायलेनॉलची मालक कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. अशा निर्णयामागचा विचार वर्गात निवांत तपासता येतो. पण शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे कुणाला घाम फुटत नाही.

दुसरी वाट म्हणजे एखाद्या छोट्या संस्थेचं सोशल मीडिया खातं विद्यार्थ्यांना सांभाळायला देणं. रात्री अकराला पोस्टखाली चिडलेली कमेंट येते: ‘तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही.’ उत्तर कोण देणार? कुणाला विचारून? की कमेंट उडवूनच टाकायची? इथे प्रत्येक शब्द तोलून लिहावा लागतो, आणि हे कुठल्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. मात्र अब्रू संस्थेची पणाला लागते, म्हणून काहीही प्रसिद्ध होण्याआधी शिक्षकाची नजर हवीच.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, पण पहिल्या सत्रात नको. आधी प्रकरणं, मग खातं. आणि गुण लाइक्स मोजून अजिबात देऊ नयेत. उत्तरांचे कच्चे मसुदे मागून घ्यावेत.