सर्दीची गोळी: सही करून की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर?

मेथअँफेटॅमिन या नशेच्या पदार्थाच्या घरगुती भट्ट्या बंद पाडायच्या तर सर्दीच्या गोळीवर लगाम हवा, कारण तिच्यातले स्यूडोइफेड्रिन हाच बऱ्याच भट्ट्यांचा कच्चा माल. हा लगाम कसा घालायचा, याच्या दोन तऱ्हा अमेरिकेने करून पाहिल्या. कायद्याचा मसुदा करायला बसलेल्याने दोन्ही तपासाव्यात.

पहिली नोंदवहीची. २००६ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने ही गोळी काउंटरमागे गेली. ओळखपत्र दाखवायचे, नाव-पत्ता लिहायचा, सही करायची. मर्यादा दिवसाला ३.६ ग्रॅम, ३० दिवसांत ९ ग्रॅम. ही मर्यादा शुद्ध स्यूडोइफेड्रिनची, आणि गोळीवरचे ३० मिलिग्रॅम त्याच्या क्षाराचे वजन; म्हणून ३.६ ग्रॅम म्हणजे अशा १४६ गोळ्या. अख्ख्या चाळीची सर्दी जाईल! खरी मेख वेगळीच. वही एका दुकानाची आणि गिऱ्हाईक गावभर फिरणारे. माणसे पैसे देऊन पाठवायची, प्रत्येकाने मर्यादेतच घ्यायचे, माल एकाच घरी जमा. पुढे अनेक राज्यांनी दुकाने संगणकाने जोडली, जादा विक्री जागच्या जागी अडू लागली. पण माणसे बदलत राहिली, तर संगणक तरी काय करणार?

दुसरी तऱ्हा चिठ्ठीची. ऑरेगनने २००६ मध्ये आणि मिसिसिपीने २०१० मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीच बंद केली. ऑरेगनमध्ये सापडणाऱ्या भट्ट्या २००४ च्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. आकडा भारी आहे, पण चिठ्ठीची सक्ती नसलेल्या शेजारच्या राज्यांतही मोठी घट झाली होती, हे विसरून चालणार नाही. भुर्दंड मात्र साध्या रुग्णाला. नाक चोंदले म्हणून डॉक्टरची फी भरायची, नाहीतर चिठ्ठीविना मिळणारी फेनिलएफ्रिन या दुसऱ्या औषधाची गोळी घ्यायची. आणि ती गोळी पोटातून घेतल्यास नाक मोकळे करत नाही, असे अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी २०२३ मध्ये एकमताने सांगितले. तोवर दोन्ही राज्यांनी चिठ्ठीची अट काढलीही होती, जानेवारी २०२२ पासून.

माझे मत नोंदवहीच्या बाजूने, पण जोडलेल्या संगणकासकट. सुटी वही म्हणजे निव्वळ कागद. चिठ्ठीची सक्ती भट्ट्यांचा खरोखर सुळसुळाट असेल तिथेच, तीही मुदत घालून. आणि यातल्या कुठल्याही वाटेने नशा कमी होईल असे मतदारांना सांगू नये. भट्ट्यांमुळे लागणाऱ्या आगी, विषारी झालेली घरे, त्यात वाढणारी मुले एवढे वाचते. बाजार मेक्सिकोतून येणाऱ्या मालाने भरला, आणि तिथल्या टोळ्या स्यूडोइफेड्रिनवर निर्बंध आल्यावर दुसऱ्या रसायनांकडे वळल्या.

आपल्याकडे हा मसुदा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या औषध कारखान्यातून इफेड्रिन (स्यूडोइफेड्रिनसारखाच मेथअँफेटॅमिनचा कच्चा माल) जप्त केले ते टनांनी, औषध दुकानातल्या पाकिटांनी नव्हे. अशा ठिकाणी केमिस्टच्या वहीपेक्षा कारखान्याचा साठा, त्याची वाहतूक आणि खरेदीदाराची खरी ओळख यांचीच तपासणी आधी कडक हवी.