टायमिंग चेन: फक्त रॉड, पूर्ण किट, की अजून थोडी चालवायची?

स्प्लेंडर, जुनी पॅशन, सीडी 100 किंवा त्याच घराण्यातलं 97.2 सीसीचं इंजिन असलेली गाडी घरी असेल आणि डाव्या बाजूने खरखर सुरू झाली असेल, तर ती बहुधा टायमिंग चेनची असते, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या फेऱ्यांशी जुळवून ठेवणाऱ्या साखळीची, आणि गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो फक्त टेन्शनरचा, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाचा, रॉड बदला. दुसरा म्हणतो पूर्ण टायमिंग किट टाका. तिसरा म्हणतो, "आवाज करू दे, हाफ इंजिनाला, म्हणजे ब्लॉक-पिस्टनच्या कामाला, उघडेल तेव्हा बघू." तिन्ही सल्ले प्रामाणिक असू शकतात. कोणता तुमच्या कामाचा, हे गाडी कोण आणि कुठे चालवतं यावर ठरतं. नुसत्या किलोमीटरवर मी ठरवत नाही, कारण त्याच इंजिनाची चेन वेळेवर ऑईल बदलणाऱ्याकडे वर्षानुवर्षं गप्प राहते आणि ऑईल कमी ठेवणाऱ्याकडे लवकर बोलायला लागते.

आधी आवाज चेनचाच आहे ना, ते बघा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, वरून, हेडमधून (इंजिनाच्या माथ्यातून), एका लयीत टिकटिक करतात. चेनचा आवाज विस्कळीत असतो, मॅग्नेट (वीज तयार करणारं चाक) कव्हरपासून हेडपर्यंतच्या पट्ट्यात येतो आणि रेस देऊन एकदम सोडली की ठळक होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडच्या डाव्या गोल झाकणावर टेकवून मूठ कानाला लावा, फरक लगेच कळतो. सकाळी पहिल्या किकनंतर काही क्षण खरखर होऊन थांबत असेल तर घाई नको. टेन्शनरच्या रॉडमध्ये तेल भरेपर्यंत तेवढं होतं. आणि कशालाही हात लावण्याआधी ऑईलची काडी बघा. पातळी कमी असेल तर भरा, दोन दिवस गाडी चालवा, मग पुन्हा ऐका.

आता रॉड. या इंजिनात चेन पोलादी असते, पण तिला सांभाळणारे दोन्ही रोलर आणि रॉडचं डोकं रबराचं असतं. तापून तापून रबर कडक होतं, झिजतं आणि चेन सैल पडते. रॉड बदलायला मॅग्नेट उघडावं लागत नाही. इंजिनाच्या बुडाचा बोल्ट खोलला की थोडं तेल, मग स्प्रिंग आणि रॉड बाहेर येतो. काम थोडक्यात होतं आणि खर्च किरकोळ. जुना रॉड मात्र हातात घेऊन बघा. डोक्यावरच्या रबरात टेन्शनरच्या पट्टीने नख बसेल एवढी खाच पाडली असेल, तर आवाजाचं कारण सापडलं. रबर सपाट आणि मऊ असूनही आवाज येत होता, तर दोष वर आहे, रोलरमध्ये किंवा चेनमध्ये. तिथे नवा रॉड घालून आठ-पंधरा दिवसांची शांतता मिळेल, तेवढीच.

पूर्ण किटमध्ये चेन, दोन्ही रोलर, टेन्शनरची पट्टी आणि रॉडचं रबर येतं. गरारीचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दाते आकड्यासारखे वळले असतील तर तीही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दात्यांवर लवकर खराब होते. माझ्या बिलात सुट्या भागांपेक्षा मजुरी जास्त होती, आणि ते योग्यच वाटलं. मॅग्नेट पुलरने (खेचून काढणाऱ्या हत्याराने) काढायचं असतं, हातोडीने ठोकून नव्हे. मॅग्नेटवरची टी खूण आणि वरच्या गरारीवरची गोल खूण एकाच वेळी जुळवावी लागते. चांगला मिस्त्री झाकण लावण्याआधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दोन्ही खुणा परत बघतो. खालच्या गरारीपेक्षा वरच्या गरारीला दुप्पट दाते असतात, म्हणून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. एक दाता चुकला तरी व्हॉल्व्हची वेळ बिघडते. हे काम ज्याच्याकडून करून घ्यायचं त्याच्यासमोर उभे राहा.

थांबण्याचा पर्याय सरसकट चुकीचा नाही. गाडी धूर काढते आहे, ऑईल खाते आहे, दोन-तीन महिन्यांत ब्लॉक-पिस्टन करायचंच आहे, आणि गाडी गावातल्या गावात फिरते, तर आत्ता किट टाकून पुन्हा तेच उघडण्यात अर्थ नाही. रॉड बदला, ऑईलची पातळी दर आठवड्याला बघा आणि दोन्ही कामं एकदम करा.

पण मी थांबलो होतो ते चुकीच्या जागी. आमच्या जुन्या शंभर सीसीवर चिपळूणहून कराडकडे येत होतो, मागे वडील बसलेले. खरखर चार महिने ऐकत होतो, गाडी गरम झाल्यावरही थांबत नव्हती. कुंभार्ली घाट चढायच्या आधी चहाला थांबलो. परत किक मारली तर पायाखाली काही लागलंच नाही, किक लोण्यातून गेल्यासारखी खाली गेली. चेन दाता सोडून गेली की असं होतं: व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडे राहतात, कॉम्प्रेशन उरत नाही, म्हणून किक हलकी पडते. अशा वेळी किक मारत राहू नका, धक्का देऊन तर मुळीच चालू करू नका. पिस्टन व्हॉल्व्हला लागला तर हेडचं काम वाढतं. आमचे व्हॉल्व्ह वाचले. पण सत्तरीतल्या माणसाला अंधारात रस्त्याच्या कडेला दोन तास बसवून ठेवावं लागलं, आणि टेम्पोला दिलेल्या पैशांत किट मजुरीसकट बसलं असतं.

त्यामुळे रोज पहाटे दूध घालणाऱ्याने, घाटातून ये-जा करणाऱ्याने आणि ज्यांच्या घरात गाडी रात्री-बेरात्री बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्यांना न्यायला लागते त्यांनी, आवाज गरम इंजिनातही टिकू लागला की सरळ किट टाकावं. कॉलेजपर्यंत पाच किलोमीटर जाणाऱ्याने आधी रॉड बदलून बघायला हरकत नाही. जुनी गाडी विकायला काढली असेल तर रॉड टाकून आवाज झाकू नका, घेणाऱ्याला सांगा आणि किंमत कमी करा.

हे इंजिन 1985 च्या सीडी 100 पासून आपल्या रस्त्यांवर आहे, सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. म्हणून अडल्यावर मिळेल ते घेण्यापेक्षा कंपनीचं किट आधी आणून ठेवा. स्वस्त किटमधले रोलर नखाने दाबले तरी दगडासारखे लागतात, ते मी घेत नाही.

एक गोष्ट मात्र तिन्ही पर्यायांच्या वर आहे. ऑईल काढताना त्यात काळे रबराचे कण दिसले, तर रोलरचे तुकडे पडताहेत. ते क्लचच्या बाजूच्या कव्हरमागे असलेल्या तेलाच्या जाळीत अडकतात आणि वर हेडला तेल कमी पोहोचतं. मग वाट बघायची नाही: किट टाकायचं, तेच कव्हर उघडून जाळी धुवून घ्यायची आणि तिचं भोकन् भोक मोकळं झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी उजेडात धरून बघायचं.