ऑफिससाठी नॉटलेस, ट्विस्ट, विग की लॉक्स?

अमेरिकेतल्या बँकेत, लॉ फर्ममध्ये किंवा कन्सल्टिंगमध्ये रुजू होणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीला पहिल्या आठवड्याचे कपडे ठरवायला एक संध्याकाळ पुरते. केसांचं ठरवायला महिना लागतो. एकदा घातलेल्या वेण्या सहा-आठ आठवडे डोक्यावर राहतात, त्यांना दोन-चारशे डॉलर पडतात आणि चुकीच्या हाती डोकं दिलं तर कपाळावरचे केस जातात, ते कधीकधी परत येत नाहीत. आमच्या घरात सध्या हीच चर्चा चालू आहे. एका बाजूला नोकरीच्या उंबरठ्यावरची मुलगी, दुसऱ्या बाजूला अटलांटात वाढलेल्या आणि सगळी नोकरी केस सरळ करून काढलेल्या माझ्या सासूबाई. मी मधली, खोबरेल तेल आणि तिपेडी वेणी एवढ्या भांडवलावर कोल्हापुराहून या घरात आलेली. अशा केसांच्या मुली-सुना आता बऱ्याच मराठी घरांत आहेत, म्हणून हा आढावा.

घट्ट कुरळ्या केसांची अडचण अशी, की टाळूचं तेल इतकी वळणं पार करून टोकापर्यंत उतरतच नाही. केस कोरडे राहतात आणि विंचरताना तुटतात. म्हणून वेण्या किंवा पीळ घालून टोकं आत दडवायची आणि काही आठवडे कंगवा लांब ठेवायचा. याला प्रोटेक्टिव्ह स्टाइल म्हणतात. मात्र घट्ट घातली तर हीच संरक्षक स्टाइल घात करते. त्यामुळे पर्याय तोलताना मी आधी कपाळाची कड (जिथून केस सुरू होतात ती) बघते, मग कॅलेंडर, मग पैसे. साहेबांच्या आवडीचा नंबर त्यानंतर.

तरी सुरुवात ऑफिसापासूनच करू, कारण प्रश्न तिथूनच येतो. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या ॲशली शेल्बी रोझेट आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टी झोऊ कोव्हल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उमेदवार निवडणाऱ्याच्या भूमिकेत बसवलेल्या लोकांनी अफ्रो (मोकळे, फुगीर ठेवलेले कुरळे केस), ट्विस्ट (दोन पेडांचे पीळ) किंवा वेण्या असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना सरळ केसांच्या कृष्णवर्णीय स्त्रियांपेक्षा कमी ‘प्रोफेशनल’ ठरवलं. नोकरी कन्सल्टिंगची असेल तेव्हा हा फरक दिसला; जाहिरात क्षेत्राची असेल तेव्हा नाही. म्हणजे तीच वेणी एका मजल्यावर खटकते आणि दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळ्या ‘कॉर्पोरेट’ला एकच सल्ला देणाऱ्या याद्या मला म्हणूनच पटत नाहीत.

कायदा बराच बदलला आहे. १९८१ साली रेने रॉजर्स या कर्मचारी अमेरिकन एअरलाइन्सविरुद्ध कॉर्नरोजसाठी (डोक्याला चिकटून घातलेल्या वेण्यांसाठी) न्यायालयात गेल्या आणि हरल्या; हे केस सहज बदलता येतात, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. अलाबामातल्या मोबिल शहरात एका कंपनीने २०१० साली लॉक्स (मुद्दाम वळवून घट्ट केलेल्या बटा) कापायला नकार देणाऱ्या उमेदवाराची ऑफर मागे घेतली, आणि २०१६ साली संघराज्य अपील न्यायालयाने कंपनीचीच बाजू घेतली. मग २०१९ साली कॅलिफोर्नियाने सर्वांत आधी क्राउन ॲक्ट केला, म्हणजे अशा केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी त्याच वर्षी मागोमाग आले, टेक्सासमध्ये तो सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. आज वीसहून अधिक राज्यांत असा कायदा आहे. देशभरासाठीचं विधेयक मात्र २०२२ साली प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकलं. तेव्हा ऑफर लेटर हातात आलं की नोकरी कोणत्या राज्यातली, हे आधी बघा. कायद्याने भुवया उंचावायच्या थांबत नाहीत, पण एचआरला लेखी विचारता येतं. अमेरिकन लष्करानेसुद्धा २०१७ पासून महिला सैनिकांना लॉक्सची परवानगी दिली आहे. रणगाड्यावर चालतं ते क्वार्टरली रिव्ह्यूत का चालू नये, हा माझ्या मुलीचा सवाल.

बॉक्स ब्रेड्स आणि नॉटलेस

दोन्हींत डोक्याचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची एक वेणी घालतात आणि लांबी-जाडीसाठी बाहेरचे केस मिसळतात. आपलं गंगावनच, फक्त शंभर ठिकाणी. फरक मुळाशी आहे. साध्या बॉक्स ब्रेडमध्ये हे जादा केस अगदी मुळाशी गाठ मारून सुरू होतात, त्यामुळे सगळं ओझं पहिल्या क्षणापासून मुळावर येतं. नॉटलेसमध्ये वेणी स्वतःच्या केसांनी सुरू होते आणि जादा केस हळूहळू, थोडे थोडे मिसळले जातात. मुळाशी गाठ नाही. टाळू सपाट दिसते आणि पहिल्याच दिवशी केस वर बांधता येतात. गाठीच्या वेण्यांत दोन-तीन दिवस मान वळवतानाही ओढ जाणवते.

नॉटलेसचे तोटे उघड आहेत: जास्त तास बसावं लागतं (मध्यम आकाराला पाच-सहा तास सहज), पैसे जास्त लागतात आणि मुळं लवकर सैल दिसू लागतात. तरी माझं मत नॉटलेसच्याच बाजूला आहे. सततच्या ओढीने केस जाण्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश जणींना तो होतो असं म्हटलं होतं, आणि रसायनाने सरळ केलेल्या केसांवर घट्ट वेण्या घालणं हे सर्वांत धोक्याच्या गोष्टींत धरलं होतं. सासूबाईंच्या कानांच्या वरची जागा मी रोज बघते. मला आकडा पाठ करावा लागत नाही.

आकार मध्यम घ्या. फार बारीक वेण्यांत मोजक्याच केसांवर सगळा भार येतो आणि सोडवताना अख्खा शनिवार-रविवार जातो. फार जाड वेण्या तिसऱ्या आठवड्यातच विस्कटलेल्या दिसतात. लांबी खांद्याच्या पात्यापर्यंत पुरे. कंबरेपर्यंतच्या वेण्या फोटोत छान दिसतात, पण आठ तास खुर्चीत बसलं की त्या पाठीखाली अडकतात आणि मान दुखते. रंग पहिल्या नोकरीत स्वतःच्या केसांच्या जवळचा ठेवावा की नाही यावर आमच्याकडे मतभेद आहेत. मी म्हणते ठेवावा, मुलगी म्हणते घाबरटपणा आहे. बहुधा तिचं बरोबर आहे.

कुणाकडून घालून घ्यायच्या, हे स्टाइलइतकंच महत्त्वाचं. न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या १२५व्या रस्त्याच्या आसपास सेनेगल, माली अशा देशांतून आलेल्या बायकांची दुकानं आहेत. दोघी-तिघी एकदम डोक्याला लागतात आणि काम झपाट्याने उरकतं. पण झपाट्यात हात घट्ट होतो. ‘कड सोडा, घट्ट नको’ हे सुरुवातीलाच आणि मध्येही सांगायचं, संकोच करायचा नाही. मुळाशी पांढरे फोड आले किंवा रात्री वेदनाशामक गोळी घ्यावी लागली तर वेण्या ‘बसायची’ वाट न बघता पुढच्या दोन ओळी सोडवून टाका. पैसे गेले तर गेले.

बाहेरचे केस बहुधा सिंथेटिक असतात. ते पॅकेटमधून काढून सायडर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून धुतले की टाळूची खाज पुष्कळ कमी होते. २०२५ साली कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या संस्थेने असे दहा लोकप्रिय प्रकार तपासले. दहाही प्रकारांत कर्करोगकारक रसायनं सापडली आणि नऊमध्ये शिसं. ज्यांना सतत वेण्याच घालायच्या आहेत त्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. आता केळीच्या तंतूंपासून केलेले केसही मिळतात (जळगावकरांनी नोंद घ्यावी), पण ते महाग पडतात.

स्वतःच्या केसांचे ट्विस्ट

दोन पेडांचे पीळ, बाहेरचं काही नाही, वजन नाही, घरी करता येतात. कडेला सर्वांत कमी त्रास याचाच. पण ते एक-दोन आठवडेच नीट राहतात आणि पावसात किंवा दमट हवेत आखडतात. खांद्यापर्यंतचे केस हनुवटीपर्यंत येतात. दर दुसऱ्या रविवारी तीन तास द्यायची तयारी असेल तर घ्या. घरून काम असणाऱ्यांना हा पर्याय मी डोळे झाकून सांगेन. कॉर्नरोज, म्हणजे डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या, दोन-तीन आठवड्यांपुरत्या ठीक. मागे आंबाडा बांधला की अतिशय नीटस दिसतात, पण पुढून मागे ओढून घातल्या जात असल्यामुळे कपाळाच्या कडेवर लक्ष ठेवावं लागतं.

विग आणि शिवलेले केस

विगची खरी सोय ऑफिसात नाही, घरी आहे. आल्यावर काढून ठेवता येतो. खाली स्वतःच्या सैल कॉर्नरोज असतात, त्यांना तेल लावता येतं, दर आठवड्याला डोकं धुता येतं, जिमचा घाम अडकत नाही. इंटरव्ह्यूला एक आणि शनिवारी दुसरा, असंही चालतं. धोका लेस (विगच्या पुढच्या कडेची बारीक जाळी) चिकटवण्याच्या गोंदात आहे. रोज तो कपाळावर लावून रोज ओढून काढला की कड जाते. गोंद न लागणारे विग मिळतात, तेच घ्यावेत, आणि आत सुती टोपीऐवजी सॅटिनची घालावी. सिंथेटिक विग शंभर डॉलरच्या आत येतो. खऱ्या केसांचा चांगला विग कित्येक शेकड्यांत जातो, हजाराच्या वरही. ते खरे केस बऱ्याचदा आपल्याकडचेच. तिरुमलाचं देवस्थान भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव करतं आणि त्यातून कोट्यवधी रुपये मिळवतं. नेमाने बालाजीला जाऊन डोकं उतरवून येणाऱ्या माझ्या मामांना त्या धंद्याची दुसरी बाजू ठाऊक नसावी.

सो-इन, म्हणजे कॉर्नरोजवर केसांच्या पट्ट्या सुईदोऱ्याने टाके घालून शिवणं, मी सगळ्यांत खाली ठेवते. दिसतं सुरेख, आणि सासूबाईंच्या पिढीला ‘ऑफिसचं’ म्हणजे हेच वाटतं. पण खालचे केस धुऊन पूर्ण वाळवणं अवघड, ओलसर राहिले की वास आणि खाज, आणि टाक्यांचा ताण सहा-आठ आठवडे तसाच. विगमध्ये हेच रूप मिळतं आणि रात्री डोकं मोकळं राहतं.

रिलॅक्सर लावून केस सरळ करणं प्रोटेक्टिव्ह नव्हेच, पण ऑफिससाठी बायका त्याचा विचार करतात म्हणून एवढंच सांगते: २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अभ्यासात ३३,४९७ स्त्रियांची माहिती तपासली गेली. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे १.६४ टक्के निघालं, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. कारण सिद्ध झालं असं संशोधक म्हणत नाहीत, संबंध दिसला असं म्हणतात. मला तेवढं पुरे आहे.

लॉक्स

मुलीचे लॉक्सचे फोटो कोल्हापूरला पाठवले तर पहिला प्रश्न येईल, ‘हिला जट आली का?’ तसं काही नाही. आखीव भाग पाडून मुद्दाम वळवलेल्या या बटा असतात, त्या नियमित धुतल्या जातात आणि दर चार-सहा आठवड्यांनी मुळाशी पुन्हा वळवाव्या लागतात. रोजची कटकट सर्वांत कमी. पण सुरुवातीचे कित्येक महिने त्या पिंजारलेल्या दिसतात, आणि नको झाल्या तर बहुतेक वेळा केस कापूनच सुटका होते. सिस्टरलॉक्स हा त्यातला फार बारीक प्रकार; शेकडो बटा, घालायला एक-दोन पूर्ण दिवस, खर्च दणदणीत, पण आंबाड्यापासून मोकळ्या केसांपर्यंत सगळं करता येतं. २०२२ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसणाऱ्या न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन यांचे केस तसेच आहेत. त्याच वर्षी मिशेल ओबामा यांनी सांगितलं होतं, की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालाव्यात असं मनात यायचं, पण देश अजून आमच्याशीच जुळवून घेतोय म्हणून केस सरळच ठेवले. सासूबाईंना ओबामांचं वाक्य आपलं वाटतं, मुलीला न्यायमूर्तींचे केस.

मग कुणी काय घ्यावं

नवी नोकरी, रोज ऑफिस, आठवड्याला विमानप्रवास: मध्यम नॉटलेस. विमानतळाच्या तपासणीत वेण्यांना हात लावून बघतात, आंबाड्याला तर हमखास; त्या दिवशी केस खाली मोकळे ठेवा आणि पाच मिनिटं जास्त धरा. रोज पोहणं-धावणं असेल, किंवा टाळूला खवडे वा खाज असेल, तर गोंदाशिवायचा विग. कड आधीच विरळ झाली असेल तर बाहेरचे केस अजिबात नकोत. स्वतःचे ट्विस्ट घाला आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. लॉक्स ज्यांना हवेत त्यांनी जरूर घ्यावेत, फक्त पिंजारलेले महिने प्रोबेशनमध्ये येतील की आधी उरकतील, हे कॅलेंडरवर बघून.

वेण्या रुजू होण्याच्या चार-पाच दिवस आधी घाला, म्हणजे पहिल्या दिवसांची ओढ आणि टाळूची लकाकी उतरलेली असते. रात्री सॅटिनचं बॉनेट (झोपताना घालायची टोपी) किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा. सहाव्या आठवड्यात मुळं फुगीर दिसू लागली की दोन पुढच्या ओळी नव्याने घालून घेता येतात, पण आठाच्या पुढे नेऊ नका. मुळाशी साचलेले केस गुंतून गाठी होतात. मग सोडवा आणि पुन्हा घालण्याआधी एक-दोन आठवडे डोकं तसंच राहू द्या. सोडवताना हातात केसांचा मोठा पुंजका येईल, त्याने घाबरू नका. दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात, ते इतके दिवस वेणीत अडकून होते. मुळाशी पांढरा ठिपका असलेले केस गळलेले, ठिपका नसलेले आखूड तुकडे तुटलेले. तुकडे जास्त दिसले तर पुढच्या वेळी वेणी घालणारी बदला.