कोर्टासाठी तुरुंगात जाऊन तपासणारे मनोविकारतज्ज्ञ : चार तारे

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. अशील २४ वर्षांचा, कच्चा कैदी, लिथियमवर (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध). हात इतके थरथरायचे की ताट धरवत नव्हतं. कारागृहाच्या कागदावर शेरा : 'बहाणा करतो.' म्हणून हे डॉक्टर गाठले. प्रकरण चालू आहे, नाव देत नाही. फी २५ हजार. पोराच्या आईने भिशी उचलून भरली.

याआधी एक तज्ज्ञ येऊन गेले होते. अधीक्षकांची केबिन, शेजारी शिपाई, २० मिनिटं, 'मनःस्थिती ठीक'. या डॉक्टरांनी शिपायाला दाराबाहेर उभं करवलं, दिसेल पण ऐकू जाणार नाही असं. मग पोराला म्हणाले, "हे बघ, मी तुझ्यावर इलाज करायला आलो नाही. सांगशील ते जजसाहेबांपुढे जाईल. नको वाटलं तर बोलू नकोस." मी कपाळाला हात लावला, आता कसला बोलतोय! दोन तास बोलला.

पैसे खरे वसूल झाले ते नोंदवह्यांत. लिथियम रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल असावं लागतं. दीडच्या पुढे विषबाधेची भीती (हात थरथरणं हे तिचंच एक लक्षण), म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. फाइलमध्ये सात महिन्यांत एकही तपासणी नाही. त्यात मे महिना. घामावाटे अंगातलं पाणी-मीठ गेलं की ही पातळी चढते. झोपतानाची गोळी दुपारी चारला वाटलेली, कारण संध्याकाळी बराकी बंद. अहवालात सगळं तारीखवार, आणि 'बहाणा'पुढे एकच प्रश्न : कोणत्या तपासणीवरून? कोर्टाने रक्त तपासायला लावलं. १.८ निघालं. पोरगा त्याच रात्री सरकारी रुग्णालयात.

कायद्यात ते शिरले नाहीत, बरंच झालं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०३ मी जोडलं. त्यानुसार कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला प्रमाणित करून द्यायचं असतं की इथे मानसिक रुग्ण नाहीत. (हो, 'किती आहेत' नव्हे, 'नाहीत'.)

एक तारा कापला तो उशिरासाठी. अहवालाला पाच आठवडे लागले, मधल्या दोन तारखा वाया गेल्या. शिवाय सगळा इंग्रजीत. आई म्हणाली, "वकीलताई, यात माझ्या पोराचं काय लिवलंय?" मलाच बसून सांगावं लागलं. साक्षीच्या दिवसाचे पैसे वेगळे घेतात, ते आधीच ठरवून घ्या. फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात.