पाणी तपासायचं फील्ड किट : घोडबंदरच्या आमच्या सोसायटीत चार महिने वापरून

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. सकाळी महापालिकेचं येतं, ते पुरत नाही मग टँकर, आणि दोन्ही खालच्या एकाच टाकीत पडतं. किट घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय या रिव्ह्यूला अर्थ नाही.

जानेवारीच्या मीटिंगला आरओ प्लांट विकणारा एक माणूस आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं, दोन्हीत लोखंडी सळ्यांचं यंत्र बुडवलं, प्लग लावला आणि दोन मिनिटांत नळाचं पाणी विटकरी झालं, वर फेस, खाली गाळ. मशीनचं तसंच स्वच्छ. "हे तुमची मुलं पितात" म्हणाला आणि हॉल एकदम गार पडला. साडेसहा लाखांचा ठराव तिथल्या तिथे पास झाला असता. पण आमच्या विंगमधले काका, केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले, त्यांनी एका पोराला घरून मीठ आणायला पिटाळलं आणि चिमूटभर त्या "शुद्ध" ग्लासात टाकून म्हणाले आता लावा प्लग. त्याचंही पाणी तसंच विटकरी झालं! तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच, लोखंडी सळईच झिजून उतरते. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो, आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून तिथे काही दिसत नाही, एवढीच जादू.

काकांनी मात्र "आरओ नकोच" असं म्हटलं नाही. ते म्हणाले, त्याचं ऐकलंत तसं माझंही ऐकू नका, आपण तपासू आणि मग मत द्या. म्हणून हे किट मागवलं, साडेतीन हजाराला. गावांमध्ये जलजीवन मिशनमध्ये वापरतात तशातलंच, पीएच, कठीणपणा, क्लोरीन, लोह, नायट्रेट, फ्लोराइड वगैरे, आणि जंतूंसाठी वेगळ्या एचटूएसच्या बाटल्या, जंतू असले की त्यातलं पाणी काळं पडतं.

वापरायला सोपं आहे का? हो, पण पुस्तिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ठाण्यात विकताय तर मराठीत का नाही, याचा मला खरंच राग आला. शेवटी आमच्या कॉलेजातल्या पोरींनी एका पानावर मराठीत उतरवून लिफ्टशेजारी लावलं.

पहिला रविवार लॉबीत. क्लोरीनची पावडर टाकली, पाणी किंचित गुलाबी झालं आणि लगेच वाद, कोणी म्हणे ०.२, कोणी म्हणे ०.५, ट्यूबलाइटमध्ये तक्त्यावरचे रंग कळतच नव्हते. मग सगळे गेटबाहेर उजेडात गेलो आणि नियम केला की आधी प्रत्येकाने कागदावर आकडा लिहायचा, मगच तोंड उघडायचं. हा नियम मला किटपेक्षाही मोलाचा वाटतो, कारण चेअरमन एक आकडा मोठ्याने बोलले की बाकीच्यांना तोच रंग दिसायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी शहापूरकडच्या. त्या बाजूला उभ्या होत्या, म्हणाल्या "ताई, बाटलीच्या तोंडाला बोट नका लावू, तुमच्याच हाताचे जंतू जातील." त्यांची जाऊ गावात पाणी तपासते, जलजीवनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना हे शिकवायचं ठरलेलं आहे, तिच्याबरोबर मावशींनी कितीदा केलंय. "आमच्याकडं आधी ओटी होती, पिवळा रंग यायचा," म्हणजे क्लोरीन तपासायचं जुनं रसायन, ऑर्थोटोलिडीन. आमच्या इंजिनिअरांनी भरलेल्या सोसायटीत सगळ्यात सराईत हात त्यांचा निघाला. पुढचे सगळे नमुने त्यांच्याच देखरेखीखाली घेतले, त्या वेळेचे पैसे सोसायटीने दिले, आणि भाडेकरूंनाही आकडे लिहायला बोलावलं. त्यांना मीटिंगला मत नसतं, पण पाणी तर तेच पितात ना.

आता निकाल. महापालिकेच्या पाण्याला कठीणपणाच्या टेस्टमध्ये तीन थेंबांतच गुलाबीचा निळा झाला. आमच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे २५, म्हणजे लिटरमागे ७५ मिलिग्रॅम. टँकरच्या पाण्याला १७ थेंब लागले, म्हणजे ४२५. भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. गीझर का खराब होतात ते कळलं, पण विष वगैरे काही नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मीटरवर टँकरच्या पाण्यातसुद्धा ५०० च्या आत, आणि ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा असं हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलेलं आहे.

खरा धक्का सी विंगच्या गच्चीवरच्या टाकीने दिला. खालच्या टाकीत क्लोरीन व्यवस्थित होतं, वर रंगच आला नाही. एचटूएसची बाटली भरून कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शाईसारखी काळीकुट्ट. वर जाऊन बघितलं तर झाकण फुटलेलं, कडेला कबुतरांची घाण. दोष ना महापालिकेचा ना टँकरवाल्याचा, आमचाच, आणि टीडीएस मीटरने हे जन्मात कळलं नसतं कारण त्याला जंतू दिसतच नाहीत.

मग निकाल नोटीस बोर्डवर लावायचा की नाही यावर खरी मीटिंग तापली. दोघांचं म्हणणं, फ्लॅट विकायचेत, भाव पडेल. त्यांची अडचण खोटी नव्हती, एकाच्या मुलीच्या फीचे पैसे त्यावर अवलंबून आहेत. पण त्या विंगमध्ये दोन तान्ही बाळं आहेत. मतदान झालं, ३१ विरुद्ध ९, निकाल बोर्डवर लागला, विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही मिनिट्समध्ये नोंदवलं. त्याच रात्री सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. काकांनी राज्यघटनेतलं ५१क वाचून दाखवलं, १९७६ ला आलेलं, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस बुद्धी हे नागरिकाचं कर्तव्य. शाळेत पाठ केलेलं वाक्य, पण त्या काळ्या बाटलीशेजारी ऐकताना अंगावर आलं.

किटच्या मर्यादा नीट समजून घ्या. शिसं, कीटकनाशकं आमच्या किटमध्ये कळत नाहीत. काळी बाटली म्हणजे मैलापाण्याच्या जंतूंचा संशय, किती आहेत ते कळत नाही, म्हणून आम्ही मान्यताप्राप्त लॅबलाही नमुना पाठवला आणि तिथे ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, निघाला. पाण्यात मुळातच गंधक असेल तर बाटली जंतूंशिवायही काळी पडू शकते. तपासलेली बाटली ब्लीचिंग घालूनच टाकायची, पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही.

झाकण बदललं, टाकी धुतली, सगळ्याला मिळून ११ हजार लागले. नंतरच्या दोन्ही बाटल्या काळ्या झाल्या नाहीत. आरओचा ठराव पडला, टँकरच्या कठीण पाण्यासाठी सॉफ्टनर घ्यायचा का ते पुढच्या मीटिंगला आहे.

पाचपैकी चार स्टार, एक मराठी पुस्तिकेसाठी कापला. घेताना एचटूएसच्या बाटल्यांची एक्सपायरी बघा, आम्हाला पहिल्या खेपेला दोनच महिने उरलेल्या आल्या होत्या आणि त्या बदलून घ्यायला तीन फोन करावे लागले.