पॅसिफिक १९४० बरेच महिने खेळल्यावर: सगळ्या कॅरियर सारख्याच कशा?

ॲक्सिस अँड अलाइज पॅसिफिक १९४० हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्डगेम घेऊन आता बरेच महिने झालेत, सुट्टी मिळाली की टेबल मांडलंच, त्यामुळे नव्याची नवलाई संपल्यावर लिहितोय. बोर्ड, डाइस, सोंगट्या यावर भरपूर जणांनी लिहून झालंय, मी फक्त कॅरियरबद्दल, म्हणजे विमानवाहू जहाजांबद्दल बोलणार.

मूळ नियमात कॅरियर एकच. किंमत १६ आयपीसी (गेममधले पैसे), दोन विमानं, दोन हिट झेलते. जपानची घ्या नाहीतर अमेरिकेची, आकडे तेच. एक हिट बसला की तिच्यावरून ना विमान उडत ना उतरत, नेव्हल बेसवर नेऊन दुरुस्त करायची. हा भाग जाम आवडला आपल्याला. १९४२ मधे कोरल सीच्या लढाईत मार खाल्लेली अमेरिकन कॅरियर यॉर्कटाउन पर्ल हार्बरला आली आणि तीन दिवसांत डागडुजी उरकून मिडवेच्या लढाईला निघाली, ती गंमत या एका नियमात बरोबर पकडलीये.

पण एसेक्स आणि कासाब्लांका हे अमेरिकन कॅरियरचे दोन क्लास (एका डिझाइनची जहाजं) एकाच सोंगटीत? एसेक्स ३३ नॉट्स पळायची, ९० च्या वर विमानं. कासाब्लांका ही छोटी एस्कॉर्ट कॅरियर, कशीबशी १९ नॉट्स, विमानं २८ च्या आसपास, आणि अशा ५० कॅरियर कायझर या अमेरिकन उद्योगपतीच्या जहाज-यार्डानं साधारण वर्षभरात बांधून मोकळ्या केल्या. मधे इंडिपेंडन्स क्लास, क्रूझरच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या ९. (आपली जुनी विक्रांत पण मूळची युद्धकाळातली ब्रिटिश लाइट कॅरियरच, मुंबईत म्युझियम असताना बघितली असेल तर साइजचा अंदाज येईल.)

म्हणून आम्ही घरचे नियम केले. एस्कॉर्ट कॅरियर: एक विमान, एक हिट, डिफेन्स १ (बचावात डाइसवर १ पडला तरच तिचा हिट), किंमत ८. इथे ग्रुपमधल्या अमेरिकावाल्यानं लगेच गणित मांडलं, १६ आयपीसीत दोन एस्कॉर्ट घेतल्या तरी विमानं दोन आणि हिट दोनच, पण एक बुडाली तरी दुसऱ्या डेकवर विमान उतरतंच की, मोठीला एक हिट बसला तर दोन्ही विमानं लटकली. मग काय, मोठी कॅरियर घेतंय कोण! म्हणून किंमत १० केली आणि नेव्हल बेसवरून निघताना जी एक घर जास्तीची चाल मिळते ती एस्कॉर्टला बंद. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माझं म्हणणं एवढंच की क्लासचा फरक नुसत्या विमानांच्या संख्येत दाखवून भागत नाही, वेग आणि मार खाल्ल्यावर काय होतं यात तो खरा कळतो.

ब्रिटिशांचं तेच. इलस्ट्रियस क्लासला ३ इंची चिलखती डेक पण विमानं कमी, डिझाइनला ३६ च. त्यामुळे आमच्याकडे ब्रिटिश कॅरियरवर एक हिट बसला तरी एक विमान चालू राहतं. लाकडी डेकच्या अमेरिकन कॅरियरला ही सवलत नाही, १९४५ मधे कामिकाझेंनी (जपानी आत्मघाती वैमानिक) बंकर हिल या अमेरिकन कॅरियरची काय दशा केली ते बघा.

नुसता त्रास म्हणजे खुणा. हिट बसलेली कॅरियर आडवी करायची म्हटली की वरची विमानं घरंगळतात. त्यापेक्षा खाली लाल बटण सरकवा, आणि एस्कॉर्टच्या डेकला नेलपॉलिशचा ठिपका, घाईत चाल खेळताना वेगळी दिसते.

जपानवाला मात्र अजून कुरकुरतोय, त्याला ताइहो या जपानी कॅरियरसाठी चिलखती डेकची सवलत हवीये. डेक होताच तिला, नाही कोण म्हणतंय, पण जून १९४४ मधे अमेरिकन सबमरीन अल्बाकोरचा एकच टॉर्पेडो लागला आणि पेट्रोलची वाफ आत कोंडून काही तासांनी जहाजच उडालं. म्हणून सवलत दिली, पण सबमरीनचा हिट आला तर तिला तो डबल धरायचा. यावर भांडण चालूच आहे, कोणाकडे याहून बरा नियम असेल तर सांगा.