४० लिटरची ड्राय बॅग: स्ट्रॉम्बोली ते ठाणे स्टेशन, अकरा महिने

ही ड्राय बॅग, म्हणजे पाणी आत शिरू न देणारी पिशवी, गेल्या ऑगस्टमध्ये घेतली ती नाइलाजानं. सिसिलीच्या उत्तरेला एओलियन नावाची सात बेटं आहेत. तिथे आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहायचं ठरलं होतं: मी, नवरा, म्युनिकचा मामेभाऊ आणि त्याची बायको. निघायच्या दहा दिवस आधी बोटीच्या तांडेलाचा निरोप आला (तिकडे स्किपर म्हणतात, पण आमच्या तोंडी तो तांडेलच झाला), की चाकांच्या कडक सुटकेसा आणल्यात तर त्या धक्क्यावरच राहतील. म्हटलं, काय हा तोरा! बोटीत शिरल्यावर तोरा कळला. बिछान्याखाली एक वेडावाकडा खण, बोटीच्या पोटासारखाच गोलसर. त्यात घडी होणारं सामानच शिरतं.

बॅग म्हणजे जाड पीव्हीसी ताडपत्रीची पिशवी. जोड शिवलेले नाहीत, उष्णतेनं चिकटवलेले. चेन नाही. तोंडाची पट्टी एकाच दिशेनं निदान तीनदा घट्ट गुंडाळायची आणि दोन्ही टोकांचे क्लिप एकमेकांत अडकवायचे. दुकानात कोणी सांगत नाही ते सांगते: या तीन वेढ्यांसाठी वरची वीतभर जागा मोकळी सोडावीच लागते. म्हणजे ४० लिटरची बॅग प्रत्यक्षात तिसाचीच. मी पहिल्या दिवशी ठासून भरली, वेढे दोनच बसले, आणि पहिल्याच लाटेच्या फवाऱ्यात वरचा टॉवेल ओला.

पहिला मुक्काम वुल्कानो बेटावर. बोट बंदराला लागायच्या आधीच नाकाला सडक्या अंड्यांचा वास येतो, कारण जमिनीतून गंधकाची वाफ निघते, काही ठिकाणी तर किनाऱ्यालगतच्या पाण्यातूनही बुडबुडे येतात. आम्ही हौसेनं त्या कोमट पाण्यात डुंबलो आणि ओले पोहण्याचे कपडे मी याच बॅगेत, कोरड्या कपड्यांच्या वर टाकून तोंड आवळलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर सगळं सामान वुल्कानो! बाहेरचं पाणी आत येत नाही, तशी आतली ओल आणि वास बाहेर जात नाही. साधी गोष्ट, पण डोक्यात शिरायला वास यावा लागला. सोडा टाकून तीनदा धुतली. आजही उन्हात ठेवली की किंचित येतोच.

आमचा बेत फिलिकुदी आणि अलिकुदी या बेटांवर जायचा होता. तिसऱ्या दिवशी वायव्येचा वारा सुटला, त्याला तिथे माएस्त्राले म्हणतात. तांडेलानं मोबाइलवरचा हवामानाचा नकाशा एकदा पाहिला आणि सालिना बेटाच्या सांता मारिना बंदरात बोट बांधली ती दोन रात्री. भाऊ कुरकुरला. मी नाही, कारण सालिना सुंदर आहे: दोन मृत ज्वालामुखींचं बेट, मोठ्याची उंची ९६२ मीटर, उतारांवर द्राक्षं आणि केपरची झुडपं. मिठात घातलेल्या केपरच्या कळ्यांचं पाकीट बॅगेत टाकून घरी आणलं. आईनं चव घेऊन विचारलं, "हे लोणचं घालायचं राहिलंय का?"

त्या दोन दिवसांत तांडेलानं इथलीच एक जुनी ग्रीक गोष्ट सांगितली. या बेटांना नाव देणारा एओलस हा वाऱ्यांचा राखणदार. त्यानं घरी परतणाऱ्या ओडिसियस या वीराला सगळे उलटे वारे बैलाच्या चामड्याच्या पिशवीत बांधून दिले. घरचा किनारा दिसू लागला तेव्हा तो झोपलेला, आणि खलाशांना वाटलं पिशवीत सोनं आहे. त्यांनी गाठ सोडली. वारे सुटले, बोट परत होती तिथे.

पिशवीत वारा बांधण्याचा उपयोग मला स्ट्रॉम्बोली या जिवंत ज्वालामुखीच्या बेटावर कळला. तिथे गावासमोर नांगर टाकून छोट्या रबरी होडीनं काळ्या वाळूवर उतरावं लागतं. उतरताना मागून लाट आली, होडी तिरकी झाली, माझी बॅग आणि भावाची कापडी सॅक दोन्ही पाण्यात. सॅक डुबकी मारून चिंब होऊन हातात आली. बॅग मात्र बदकासारखी तरंगत राहिली, कारण आत हवा कोंडलेली होती. पासपोर्ट, फोन, पैसे कोरडे ठणठणीत. भावाचा पासपोर्ट बोटीच्या दोरीवर चिमट्याला लावून वाळवला.

२०१९ च्या जुलैतल्या मोठ्या स्फोटानंतर शिखराच्या वाटेवर निर्बंध आलेत, म्हणून आम्ही अंधार पडल्यावर बोटीनंच शारा देल फुओकोसमोर गेलो. लाव्हा आणि दगड जिथून समुद्रात घरंगळतात तो काळा उतार. इंजिन बंद. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही, मग वर एक लाल कारंजं, आणि आवाज मागाहून, दूरच्या मालगाडीसारखा. याबद्दल जास्त लिहीत नाही, बॅगेचा अनुभव लिहायला बसलेय.

परतीच्या विमानात बॅगेच्या बाजूचा एक क्लिप तुटला. विमानात बॅग देताना पट्टे लोंबू देऊ नका, आत गुंडाळा किंवा बॅग गोणीत घाला. दुकानानं बदलून दिला नाही. स्टेशनजवळच्या चांभारकाकांनी साठ रुपयांत नवा लावला, तो मूळच्यापेक्षा दणकट निघाला.

नंतर मांडव्याला लाँचनं जाताना, राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्यात शिरताना, आणि जूनपासून रोज स्कूटरवर लॅपटॉपसकट, ही बॅग सतत वापरात आहे. मार्चमध्ये तळाशी ओल दिसू लागली. भोक डोळ्यांना सापडेना. मग पंक्चरवाल्याची युक्ती: हवा भरून तोंड गुंडाळलं, बादलीतल्या साबणाच्या पाण्यात दाबलं, आणि कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन लावून ठिगळ मारलं, ते आठवड्यात सुटलं. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीला धरत नाही. व्हिनाइलचा गोंद आणि ताडपत्रीचाच तुकडा लावल्यावर अजून टिकलंय.

खांद्याचा पट्टा मात्र निव्वळ भिकार. पॅडिंग नाही, ओझं असेल तर वीस मिनिटांत खांदा दुखतो. आणि बॅग काळी असल्यानं उन्हात भट्टी होते. चॉकलेटचं काय झालं ते विचारू नका.

पुन्हा घ्यायची झाली तर चाळीसची एक न घेता वीसच्या दोन घेईन, फिकट रंगाच्या. एक कोरड्या कपड्यांना, दुसरी ओल्यांना. २६०० रुपये वसूल झाले का, तर हो, त्या एका लाटेतच झाले. तळाचं ठिगळ या पावसाळ्यात सुटलं तर इथेच लिहीन.